हाड म्हटल्यास येतो

किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपोआप चिकटतात, गोचिडीसारखे. एक काढायला घ्यावा तर कानामागे आणखी तीन सापडतात. नवीन पनवेलात मी पंधरा वर्षं जनावरांचा दवाखाना चालवतेय. मैत्रिणी जमल्या की कोणीतरी हमखास म्हणते, "तुझं काम किती अवघड गं. पेशंटला बोलताच येत नाही." मी हसून मान हलवते. खरं सांगायचं तर पेशंटने मला कधीच छळलं नाही. पोट दुखत असेल तर तो पाठ वाकवून उभा राहतो, कान दुखत असेल तर मान तिरकी करतो, विषय संपला. घोळ होतो तो दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याला बोलता येतं म्हणून.

दोन हजार दहाच्या आसपासचं एक वर्ष तर असं गेलं, की दवाखान्यात कोण काय म्हणतंय याचा मला पत्ताच लागत नव्हता. त्यातला सगळ्यात मोठा घोळ राजा नावाच्या कुत्र्याचा. त्याच्यापायी एका म्हाताऱ्या बाईवर मुलाचं घर सोडायची वेळ आली होती. तो सांगतेच. पण आधी दोन छोटे ऐका, म्हणजे आमच्याकडची हवा कळेल.

*

माझी मदतनीस सुनंदा, जवळच्या कोन गावची. केसपेपर तीच लिहायची. फॉर्मवर छापलेले सगळे रकाने भरल्याशिवाय ती कोणाला आत सोडत नसे.

एकदा सकाळी एक माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लंगडत आला आणि म्हणाला, "कुत्र्याचं इंजेक्शन पाहिजे."

सुनंदाने पेन काढलं. "नाव?"

"रमेश."

"वय?"

"अडतीस."

"महिने लिहिते," सुनंदा म्हणाली. "जात?"

माणूस जरा चमकला. "इंजेक्शनला जात लागते?"

"रकाना हाय तसा. गावठीच ना?"

तो बिचारा पाय दुखत असल्यामुळे वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हता. "गावठी लिहा," म्हणाला.

"नसबंदी झालीय?"

आता त्याने दाराकडे पाहिलं, बाकड्यावरच्या बायकांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून सांगितलं, "बायकोचं झालंय ऑपरेशन."

तेवढ्यात मी बाहेर आले. कुत्रं चावलेल्या माणसाला जे टोचतात त्यालाच सगळे "कुत्र्याचं इंजेक्शन" म्हणतात, आणि कुत्र्याला जे टोचतात त्यालाही. दोष कोणाला द्यायचा? मी त्याचा पाय नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावला आणि तिथूनच रिक्षाने त्याला सरकारी दवाखान्यात धाडलं. केसपेपर मात्र फाडवला नाही. रमेश, गावठी, अडतीस महिने.

*

गुप्ते साहेब बँकेतून रिटायर झालेले. त्यांचा प्रिन्स नावाचा बॉक्सर होता. काही लोकांना कुत्र्याबद्दल बोलताना "आम्ही" म्हणायची सवय असते. गुप्ते साहेब त्यातले.

एकदा आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "मॅडम, आम्ही आठ दिवस अगदी गळून गेलोय. सारखी तहान. पाणी पितो आणि बाहेर पळतो. वजनपण उतरलंय."

लक्षणं अगदी पुस्तकातली होती. मी प्रिन्सकडे पाहिलं. तो टेबलाखाली माझी चप्पल खात होता, पण म्हटलं, सुरुवातीला असं असतं कधी कधी. "उद्या सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन या," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाटली आली. तपासली तर साखर भरपूर. मी गंभीर होऊन गुप्ते साहेबांना समोर बसवलं आणि इन्सुलिन, जेवणाच्या वेळा, मानेच्या कातडीत सुई कशी टोचायची, सगळं नीट समजावलं. मानेवर सुई म्हटल्यावर ते पांढरेफटक पडले. मला वाटलं, कुत्र्यावर किती माया आहे या माणसाची.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी विषय बदलला. "बाटली धरायला कोणी मदत केली का हो? एकट्याला जमत नाही सहसा."

"मदत?" गुप्ते साहेब दुखावले. "मॅडम, मी सदुसष्ट वर्षांचा आहे."

त्याच दिवशी त्यांना माणसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. प्रिन्स ठणठणीत होता. तेव्हापासून मी तपासायच्या आधी एकच प्रश्न विचारते, आम्ही म्हणजे कोण?

*

हिराकाकू त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आल्या. उरणकडच्या खाडीवरचं गाव त्यांचं. नवरा होडीवर जायचा, तो वारला. मुलगा दिनेश बंदरात कामाला. त्याने गावचं घर बंद करून आईला नवीन पनवेलच्या फ्लॅटवर आणलं. आई एकाच अटीवर आली, की राजा पण येणार. राजा म्हणजे तपकिरी रंगाचा, एक कान मुडपलेला, सहा वर्षांचा कुत्रा. पाळलेला म्हणायचं, पण आयुष्यात कधी गळ्यात पट्टा नाही.

काकूंनी माझ्या टेबलावर एक पत्र ठेवलं. सोसायटीचे सेक्रेटरी प्रधान साहेब यांची सही होती. कुत्रा जिन्यात लोकांच्या अंगावर धावतो, त्याच्यापासून पळताना स्वतः प्रधान साहेब पडून मनगटाला प्लास्टर बसलं आहे, दिवाळीपर्यंत कुत्र्याला वळण लावावं नाहीतर घराबाहेर काढावं. पत्रात खोटं काही नव्हतं. साहेबांचं प्लास्टर मी बाजारात पाहिलं होतं.

"राजा गेला तर मी पन चालले," काकू म्हणाल्या. "गावचं घर उघडते."

दिनेश मागे उभा होता. गावच्या घराचं छप्पर गळत होतं, शेजार उठून गेला होता, आणि काकूंना गुडघ्यांमुळे विहिरीपर्यंत चालवत नव्हतं. तिथे आईला एकटं ठेवून याला इकडे झोप लागली नसती. मला त्याच्याकडे बघवेना.

मी राजाला तपासलं. दात पाहिले, कान पाहिले, तंगडी ओढून पाहिली. हूं की चूं नाही. इतका गरीब कुत्रा अंगावर धावतो म्हणजे काय करतो, ते मला समजेना.

सोबत हनीफभाई आले होते. त्यांचं बिल्डिंगखाली किराण्याचं दुकान. ते राजाच्या बाजूने साक्षीला आलेले. "हल्ला-बिल्ला काही नाही, मॅडम," ते म्हणाले. "याला माझ्याशी काय मोहब्बत आहे तेच कळत नाही. मी नमाजला निघालो की कपड्यांना तोंड लावेल म्हणून लांबूनच म्हणतो, हाड. तर हा येतो. जोरात म्हटलं तर जोरात येतो."

राजा तेव्हा कोपऱ्यात बसला होता. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "हाड."

राजा उठला, माझ्यासमोर येऊन बसला आणि माझ्या हाताकडे बघायला लागला.

मी गोंधळून परत त्याचे कान तपासले. काकू माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघत होत्या. "अवो डॉक्टरीनबाई, जेवायला बोलावता आन वर कान तपासता?"

मग उलगडा झाला. काकूंचा नवरा मटणाच्या दिवशी जेवून उठला की ताटातलं हाड हातात धरून याला हाक मारायचा, "हाड". पिल्लू होता तेव्हापासून. तो गेल्यावर काकूही तशीच हाक मारत. त्या घरात कुत्र्याला हाकलायची कधी वेळच आली नव्हती, त्यामुळे या शब्दाचा दुसरा अर्थ राजाच्या कानावर पडलाच नव्हता. आणि इथे, पनवेलात, दिसेल तो माणूस त्याला हाड द्यायला बोलवत होता. एवढ्या आग्रहाने बोलवून मग हे लोक पळून का जातात, ते त्याला तीन महिने कळत नव्हतं.

*

त्याच भेटीत मला कळलं, की राजाला शी होत नाहीये. झालीच तर खडूसारखी पांढरी आणि कडक. शिजवलेली हाडं खाऊन हे होतं. शिवाय ती आतड्यात टोचतात, कधी अडकतात. मी काकूंना सांगितलं, "आजपासून हाड बंद. घरात नाही, दारात नाही, कोणीही नाही."

काकूंनी मान डोलावली. चार दिवसांनी प्रधान साहेबांचा फोन. "मॅडम, आता सोसायटीत कोणी काय बोलायचं हे तुम्ही ठरवणार का?"

लिफ्टमध्ये स्केचपेनने लिहिलेला कागद लागला होता. "राजाला कोणीही हाड म्हणू नये. म्हटल्यास येतो. डॉक्टरांची ऑर्डर."

मी काकूंना बोलावून घेतलं. राजाचं पोट दाबलं तर अजून तसंच. "काकू, हाडं चालूच आहेत ना?"

"एकदम बंद केला," काकू म्हणाल्या. "कोनी म्हनत नाय आता. मी सोडून."

"मी म्हणायचं बंद नाही सांगितलं. द्यायचं बंद सांगितलं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हनायचं आन द्यायचं नाय? मुक्या जिवाला हाक मारून बोलवायचं, आन हात रिकामा?"

शेवटी मी तडजोड काढली, आणि ती काढल्याबद्दल स्वतःची पाठही थोपटली. म्हटलं, "हाड म्हणा, पण ताटात भात आणि काटे काढलेली मासळी द्या." काकूंना पटलं. आठ दिवसांत राजाचं पोट साफ झालं. त्या तडजोडीने काय करून ठेवलं ते मला तेव्हा कळलं नाही.

*

रविवारी सकाळी दवाखान्यामागच्या ग्राउंडवर आमचा कुत्र्यांचा क्लास भरायचा. शिकवायला कदम हवालदार. सैन्यात कुत्र्यांच्या तुकडीत बावीस वर्षं काढून रिटायर झालेले, पळस्प्याला राहायचे आणि स्कूटरवर यायचे. माणूस मोजकं बोलणारा. राजाला धरून पाच कुत्री होती, त्यात आपला चप्पलखाऊ प्रिन्सपण.

हवालदारांच्या सवयीचे हुकूम हिंदी आणि इंग्रजी. पण काकूंना ते जमेनात म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी मराठी करून टाकले. बस, थांब, ये. तीन रविवार ते पाच कुत्र्यांना "बस" शिकवत होते. राजा बसला की प्रिन्स उठायचा, प्रिन्स बसला की लॅब्रेडॉर लोळायचा. पाची जण एका वेळी बसलेत असं काही घडेना.

चौथ्या रविवारी काकूंनी घरून थर्मासमध्ये चहा आणला. कप भरत आला तसे हवालदार म्हणाले, "बस, बस, बस."

पाची कुत्री बसली. एका ओळीत, पाठ ताठ करून.

हवालदार कप विसरून बघतच राहिले. काकू पण बघत राहिल्या, आणि ओतत राहिल्या. चहा हवालदारांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला, पण ते हलले नाहीत. न जाणो, कुत्री उठतील.

एका हुकमावर पाची बसली ती तेवढ्या एकाच वेळी.

*

बसणं ठीक होतं, पण आमचा प्रश्न जाण्याचा होता. लोकांनी हाकललं तर राजाने निघून जायला हवं. दिवाळी दीड महिन्यावर आली होती. हवालदार म्हणाले, "ताई, याला 'जा' शिकवू. मग लोकांना सांगू, हाड म्हणू नका, जा म्हणा."

काकूंनी राजाला जवळ ओढलं. हवालदारांनी पुन्हा सांगितलं, "म्हणा, राजा, जा."

"जा कसं म्हनू?" काकू म्हणाल्या. "आमच्यात कोनी निघालं तर जा म्हनत नाय. माजा मानूस दर्यावर निघायचा, तो कधी जातो बोलला नाय. येतो बोलायचा. मी पन बोलायची, जाऊन ये."

"मग तसं म्हणा."

काकूंनी राजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "राजा, जाऊन ये."

राजाला त्यातलं शेवटचं अक्षर येत होतं. तो दोन पावलं गेला, वळला, आणि परत येऊन बसला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. अर्ध्या तासाने तो इतक्या सफाईने जाऊन येत होता की बाकीची चारही कुत्री त्याचं बघून जाऊन यायला लागली.

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मॅडम, हा हुकूम मी कुठे ऐकला नाही. कुत्र्याने जायचं की यायचं, काय ठरवायचं त्याने?"

मग त्यांनीच शेवटचा मार्ग सांगितला. लोक हाड म्हणायचं सोडणार नाहीत, तर राजाच्या डोक्यात हाडचा अर्थच उलटा करायचा. हाड ऐकलं की वळायचं, चटईवर जाऊन बसायचं, आणि मग उकडलेल्या कलेजीचा तुकडा मिळणार. एक अट होती. जुना अर्थ मोडेपर्यंत काकूंनी जेवणाच्या ताटाजवळ फिरकायचं नाही. ताट दिनेश देणार, तेही तोंड बंद ठेवून.

"म्हंजे म्हैनाभर मी त्याला घास नाय घालायचा?" काकूंनी विचारलं.

हवालदार म्हणाले, "घर ठेवायचंय ना, ताई?"

काकूंनी होय म्हटलं. पण घरी जाताना त्या ग्राउंडच्या गेटपाशी दोनदा थांबल्या. मला वाईट वाटलं, पण दुसरा उपाय सुचत नव्हता.

*

मधल्या काळात राजाला जंताच्या गोळ्या द्यायच्या होत्या. कुत्रा गोळी थुंकतो, म्हणून मी सगळ्यांना एक युक्ती सांगते, पेढ्यात घालून द्या. काकूंनी दोन पेढ्यांत दोन गोळ्या घातल्या, आणि ताटली भरलेली दिसावी म्हणून त्याच ताटलीत आणखी दोन साधे पेढे ठेवले. कोणाला भरलेली दिसावी ते मी विचारलं नाही.

आणि नेमके प्रधान साहेब कुत्र्याची प्रगती बघायला घरी आले. काकूंच्या घरातून कोणी कोरड्या तोंडाने जात नाही.

मला फोन आला तो काकूंचा. "डॉक्टरीनबाई, राजाची गोली प्रधान सायबांनी खाल्ली. दोन्ही."

औषधाची भीती नव्हती, ते तसं साधं असतं. पण दिवाळीनंतर जो माणूस निर्णय देणार त्यालाच आम्ही कुत्र्याचं औषध घातलं होतं. पलीकडे फोन हिसकावल्याचा आवाज आला आणि प्रधान साहेबांचा आवाज आला. "मॅडम, किती किलोच्या कुत्र्याची गोळी होती?"

"अठरा."

"माझं वजन ब्याऐंशी आहे."

"मग काळजी करू नका," मी म्हटलं. "पुरायचीच नाही."

मी घाईघाईने सांगितलं, की तरी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, काही त्रास वाटला तर लगेच जा. ते हूं हूं करत होते. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "आणि परत कधी घ्यायची असते?"

"तीन महिन्यांनी," मी सवयीने सांगून बसले.

*

दिवाळी झाली. पुढच्या रविवारी प्रधान साहेब कमिटीच्या दोघांना घेऊन ग्राउंडवर आले. प्लास्टर निघालं होतं, पण तो हात त्यांनी पोटाशी धरला होता. राजा मैदानाच्या मध्ये मोकळा उभा. आम्ही सगळे कडेला. दिनेश रात्रपाळी करून थेट तिथे आला होता. काकू माझ्या शेजारी. त्यांनी गावच्या घराची किल्ली पदराला बांधून आणली होती. नापास झाला तर तिथूनच निघायचं, असं त्या ठरवून आल्या होत्या.

प्रधान साहेब पुढे झाले. घाबरले होते, ते दिसत होतं. घसा साफ करून म्हणाले, "हाड."

राजाने त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी माझा दंड धरला. मग राजा वळला, चालत आपल्या चटईवर गेला आणि बसला.

"पुन्हा म्हणू का?" प्रधान साहेबांनी विचारलं. त्यांना आवडलं असावं. त्यांनी पाच-सहा वेळा म्हटलं. कमिटीच्या दोघांनीही म्हणून घेतलं. राजा दरवेळी वळला. प्रधान साहेबांनी तिथेच स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली. दिनेश ग्राउंडवरच खाली बसला आणि त्याने तोंड हातात धरलं. मी रडले हे कबूल करते. हवालदारांनी राजाला शाबासकी दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, धूळ फार आहे इथे."

त्यानंतर तीन दिवसांनी, बुधवारी सकाळी, काकू राजाला घेऊन दवाखान्यात आल्या. चेहरा उतरलेला. "राजा घास घेत नाय. सोमवारपासून. म्हैनाभर थांबले, आता माज्या हातानं देते तर तोंड लावत नाय."

मी ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं. रक्त तपासलं, गोचीडताप नाही ना म्हणून. काही नाही. सुनंदाने पुढे केलेलं बिस्कीट त्याने एका घासात संपवलं. म्हणजे भूक होती. मला काही कळेना. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माज्यावर रुसला तो," त्या म्हणाल्या. "म्हैनाभर घातला नाय ना मी."

मी हवालदारांना फोन केला आणि दुपारी जेवणाच्या वेळी आम्ही दोघं काकूंच्या घरी गेलो. दिनेशची पाळी बदलली होती, तो कामावर होता. काकूंनी भात कालवला, मासळीचे काटे एक एक करून काढले, ताट राजासमोर ठेवलं. राजा ताटाकडे बघत होता, त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. काकू त्याच्याजवळ खाली बसल्या, त्याच्या मुडपलेल्या कानावरून हात फिरवला, आणि अगदी हळू, लाडाने म्हणाल्या, "हाड, बाला. हाड."

राजा उठला. चालत गॅलरीतल्या पायपुसण्यावर गेला, बसला, आणि शेपूट हलवत काकूंकडे बघायला लागला.

"बगितलंत?" काकू म्हणाल्या.

मी हवालदारांकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते, मग राजाकडे, मग पुन्हा ताटाकडे. शेवटी ते काकूंच्या समोर उकिडवे बसले.

"ताई," ते म्हणाले, "रविवारी ग्राउंडवर या. राजाला घरी ठेवा."

काकूंनी पदराने हात पुसले. "किती वाजता?"